लिस्बन एकट्याने, पायी, एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनला मी तीनदा गेले, तिन्ही वेळा एकटी, आणि दर वेळी एक अख्खा दिवस नुसता चालायला ठेवला. परत आल्यावर नातेवाईक, ऑफिसातली मंडळी आणि सोसायटीतल्या बायका फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. नावं तिथले लोक उच्चारतात त्याच्या जवळपास लिहिली आहेत. पोर्तुगीज माणूस बोलताना निम्मे स्वर गिळतो, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे होणारच.

एका दिवसात लिस्बन बघून होतं का?

नाही. ज्यांना "बघून व्हायला" हवंय त्यांनी टूरबसचं तिकीट काढावं. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला एका दिवसात एक सपाट भाग आणि दीड टेकडी येते. सपाट भाग म्हणजे बायशा, अख्खी टेकडी म्हणजे तिच्या पूर्वेची किल्ल्याची, आणि अर्धी म्हणजे पश्चिमेला शिआदूचा चढ. सगळं मिळून आठ-नऊ किलोमीटर होतात. पर्वती चढणाऱ्याला त्यात विशेष काही वाटणार नाही.

मग कुठून कुठे चालायचं?

सकाळी साडेआठला रुसिऊ चौकात हजर व्हायचं. इतक्या लवकर अशासाठी की तेव्हा चौकातली फरसबंदी मोकळी सापडते. मुठीत मावतील एवढे दगड, पांढरे चुनखडीचे आणि काळे बसाल्टचे, लाटांच्या नक्षीत बसवलेले. ही नक्षी १८४८-४९ सालची. जमीन सपाट असूनही चालताना पाय किंचित डगमगतो, कारण डोळ्यांना ती वरखाली होताना दिसते.

चौकाला लागूनच साँव दुमिंगुश चर्च आहे. बाहेरून अगदी साधं, पण आत जाच. १९५९ साली इथे मोठी आग लागली. १९९४ साली चर्च पुन्हा उघडलं तेव्हा छत नवं केलं, पण भाजलेले, कपच्या उडालेले खांब तसेच ठेवले. बाहेरच्या मोकळ्या जागेत एक छोटं स्मारक आहे. १५०६ साली याच ठिकाणाहून ज्यू वंशाच्या लोकांची कत्तल सुरू झाली होती, त्याची आठवण म्हणून २००८ साली ते बसवलं.

तिथून नदीकडे निघायचं. सगळे रुआ आउगुश्ता या मुख्य रस्त्याने जातात, तुम्ही शेजारचा समांतर रस्ता धरा. शेवटी पुन्हा रुआ आउगुश्तावर येऊन तिच्या टोकाच्या कमानीखालून बाहेर पडलात की प्रासा दु कोमेर्सिऊ हा अवाढव्य चौक आणि समोर तेजू नदी. नदीकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला वळायचं. पाच मिनिटांत 'काझा दुश बीकुश' हे टोकदार दगडांचं घर लागतं. तिथून चढ सुरू होतो. आधी 'से' म्हणजे कॅथेड्रल, मग सांता लुझियाचा सज्जा (सज्जा म्हणजे टेकडीवरून शहर बघायची मोकळी जागा), मग पोर्ताश दु सोल हा दुसरा. जेवायला खाली आल्फामाच्या गल्ल्यांत उतरायचं. जेवून पुन्हा वर, साँव व्हिसेंत चर्चवरून ग्रासा ही वस्ती आणि तिथून सेन्योरा दु मोंत. हा शहरातल्या सर्वांत उंच सज्ज्यांपैकी एक, तिथे चारच्या सुमारास पोचावं. मग मोरारियाच्या पायऱ्यांनी मार्तिम मुनिश चौकात उतरायचं, चहा घ्यायचा, आणि दम उरला असेल तर संध्याकाळी शिआदू आणि कार्मू.

किल्ला यात मुद्दाम धरला नाही. साँव जॉर्ज किल्ल्याला तिकीट आहे, रांग आहे, आणि आत मोर आहेत. आपण मोर बघायला लिस्बनला जात नाही. किल्ल्यावरून जे दिसतं त्यातलं बहुतेक सगळं ग्रासाच्या सज्ज्यावरून फुकट दिसतं, शिवाय किल्लाही दिसतो.

बायशातले रस्ते आखल्यासारखे सरळ आणि शेजारचं आल्फामा म्हणजे गुंतवळ. असं कसं?

या शहरात चालायचं तर हे समजून घेतलंच पाहिजे.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी साधारण पावणेदहा वाजता भूकंप झाला. सण म्हणून लोक चर्चमध्ये होते आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. छतं माणसांवर कोसळली आणि मेणबत्त्यांनी आग लावली. जे वाचले ते मोकळी जागा शोधत नदीकाठी धावले. तासाभरात नदीतून त्सुनामी आली. आग पुढे बरेच दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथसंग्रहासकट गेला. राजा झुझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होता म्हणून वाचला. त्याने भिंतींची इतकी धास्ती घेतली की पुढे दगडी वाड्यात राहायचं नाकारलं आणि टेकडीवर लाकूड-कापडाचा महाल उभारून घेतला.

शहर पुन्हा बांधलं ते त्याच्या मंत्र्याने, पोंबालच्या मार्कीने (मार्की हा सरदारी किताब). गाळ आणि राख झालेला सखल भाग सपाट करून त्यावर काटकोनात रस्ते आखले, तीच आजची बायशा. इमारतींच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा घातला. त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली तर भिंत मोडण्याऐवजी हा पिंजरा डोलावा, असा हिशेब. भूकंपाचा विचार करून शहराचा एवढा भाग बांधल्याचं युरोपातलं हे फार जुनं उदाहरण.

रस्तेही धंद्यांना वाटून दिले. सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, कापडवाल्यांचा, खोगीरवाल्यांचा, चांभारांचा. तांबट आळी आणि बुरूड आळी माहीत असलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. फरक एवढाच, की आपल्या आळ्या आपोआप वसल्या आणि या मंत्र्याने टेबलावर बसून वसवल्या.

आल्फामा कातळावर आहे, त्यामुळे बरंचसं वाचलं. नाव अरबी, 'अल-हम्मा' म्हणजे गरम पाण्याचे झरे, आणि गल्ल्यांची ठेवणही अरबी अमलाच्या काळातली. ११४७ साली आफोंसू एन्रीकिश या राजाने शहर मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, जिंकलं तेव्हाही माणसं अशाच बोळांतून चालत असणार. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, त्यात नदीकाठचा चौक भूकंपाआधी कसा होता ते दिसतं. त्या चौकातून तुम्ही तासाभरापूर्वीच चालत आलेले असता. तिथे पाच मिनिटं थांबा आणि काय काय नाहीसं झालं ते बोटाने मोजा.

चढ किती आहेत? गुडघे दुखतात.

आहेत, आणि पायऱ्याही आहेत. पण एक सोय फार कमी लोकांना माहीत असते. बायशातल्या रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावर एका साध्या इमारतीत लिफ्ट आहे, सार्वजनिक आणि फुकट. ती वर सोडते, तिथून थोडं चालून गेलं की सुपरमार्केट असलेल्या इमारतीत दुसरी लिफ्ट लागते. या दोन लिफ्टनी किल्ल्याच्या टेकडीचा निम्म्याहून जास्त चढ वाचतो.

सांता जुश्ताची लोखंडी लिफ्ट ती वेगळी. ती १९०२ सालची, ४५ मीटर उंच, आणि तिच्या रांगेत तुमची अख्खी सकाळ जाईल. तिचं नक्षीकाम खालून बघायला पैसे पडत नाहीत.

बूट कसले घालावेत?

रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले. नवे नकोत. ती दगडी फरसबंदी, काल्साडा, शंभर-दीडशे वर्षं माणसांच्या पायांनी घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. कोरडी असेल तर ठीक, पण पावसाची नुसती भुरभुर झाली तरी साबण लावल्यासारखी होते. दुसऱ्या खेपेला नोव्हेंबरात ग्रासाच्या उतारावर मी सपशेल बसले. हातातला पाव एकीकडे, मी एकीकडे. वरच्या खिडकीत एक आजीबाई कपडे काढत होत्या. त्या हसल्या नाहीत. कपड्यांचा चिमटा तोंडात तसाच धरून त्यांनी हाताने खूण केली: मधून नको, भिंतीच्या कडेने चाल आणि पाय आडवा टाक. तेव्हापासून पावसात मी तशीच चालते.

आत्या, एकटीने फिरायला सुरक्षित आहे का?

(हा प्रश्न भाचीचा, पण तिच्या आईनेही वेगळा फोन करून विचारला.)

दिवसा अगदी निर्धास्त. रात्री अकरापर्यंत मी आल्फामातून एकटी चालत आले आहे, माणसांची जाग होती. भीती अंगावर येणाऱ्यांची कमी आणि खिसेकापूंची जास्त. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या. फोन टेबलाच्या कडेला ठेवू नका.

बायशात आणि रुसिऊच्या आसपास चांगले कपडे घातलेले पुरुष जवळून जाताना हळूच "हशीश?" असं विचारतात. घाबरायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही, चालत राहायचं. ते विकतात ते बहुतेक वेळा दाबून वड्या केलेली लॉरेलची पानं असतात, म्हणजे आपल्या तमालपत्राच्या जातीचं काहीतरी. पोलिसांनाही माहीत आहे आणि विकणाऱ्यांनाही. मसाल्याच्या डब्यातली वस्तू एवढ्या गुप्तपणे विकताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आणीबाणीचा नंबर ११२. घरी फोन करताना लक्षात ठेवा, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि हिवाळ्यात साडेपाच. तिथे रात्रीचे आठ वाजले म्हणून आईला फोन लावाल आणि ती दचकून उठेल.

ट्राम २८ मध्ये बसावं का?

पायी फिरायला आलात ना? ट्राम सुंदर आहे, पिवळी, लाकडी बाकांची, आणि घरांच्या भिंतींपासून वीतभर अंतराने जाते. पण दिवसा ती प्रवाशांनी आणि खिसेकापूंनी सारखीच भरलेली असते. बसायचंच असेल तर सकाळी सातला मार्तिम मुनिशहून बसा. एरवी रुआ दा कोन्सेसाँववर उभं राहून ती वळताना बघा. चाकं रुळांवर घासताना जो आवाज येतो तो मुंबईतल्या जुन्या माणसांना आवडेल.

भाषा येत नाही. कसं होणार?

इंग्रजी बहुतेकांना येतं, काळजी नको. "ओब्रिगादा" एवढं शिका, म्हणजे आभारी आहे. बाई असाल तर ओब्रिगादा, पुरुष असाल तर ओब्रिगादू. समोरचा कोण आहे याने फरक पडत नाही, बोलणारा कोण ते बघायचं.

पण खरी गंमत वेगळीच आहे. मराठी माणूस या शहरात निम्म्या पाट्या वाचून दचकतो. बाजारात 'बटाटा' म्हणजे बटाटाच. 'काजू' तोच, 'अननस' तोच. कोबीवर्गातल्या भाज्यांना 'कोव्ह' म्हणतात, आपला कोबी तिथलाच. बेकरीत 'पाँव' मागायचा. चांभाराच्या दुकानावर 'शाव्ह' लिहिलेलं असतं, कारण तो बुटांबरोबर चाव्याही बनवून देतो. हॉटेलात पैसे द्यायचे तर क्रियापद 'पगार'. मला या एका शब्दाने फार हसवलं. महिनाभर आपण ज्याची वाट बघतो, तो शब्द तिथे खिशातून जाणाऱ्या पैशाला वापरतात. बादली, घमेलं, लिलाव, पाद्री हे सगळे त्याच जहाजातून उतरलेले. चांभारांच्या त्या रस्त्याचं नाव रुआ दुश सापातेइरुश, आणि माझी आजी घरात घालायच्या चपलांना सपाता म्हणायची.

रुआ दा कोन्सेसाँववर शिवणसामानाची जुनी दुकानं अजून टिकून आहेत. पहिल्या खेपेला माझ्या पिशवीचा बंद तुटला म्हणून त्यातल्या एका अरुंद दुकानात शिरले. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत आहे तसलं एक बटण शिवलेलं. उघडून बघायलाच नको. काउंटरमागचे गृहस्थ सत्तरीचे असतील. मी आधी इंग्रजीत 'रिबन' म्हटलं, ते कानामागे हात नेऊन पुढे वाकले. मग सुचेना म्हणून तोंडातून निघून गेलं, "फीत, फीत." ते लगेच म्हणाले, "फीता! सीं, सीं," आणि खालचा खण ओढला. काउंटरच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर त्यांनी गडद निळी फीत दोनदा मापली, कात्री लावण्याआधी अंगठ्याने चार बोटं पुढे सरकवली आणि मग कापली. कापड मोजून झाल्यावर वर चार बोटं सोडणारे दुकानदार मी लहानपणी लक्ष्मी रोडवर पाहिले होते.

या दुकानांच्या खाली, रस्त्याच्या पोटात रोमन काळातली भुयारं आहेत. एरवी ती पाण्याने भरलेली असतात, वर्षातून थोडेच दिवस पाणी उपसून लोकांना आत सोडतात.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

पूर्वी व्हायचे, आता तेवढे होत नाहीत. तरी मासे-मांसाचंच शहर आहे, हे धरून चाला. सूप विचारा. 'सोपा द लेगूमिश' म्हणजे भाज्यांचं सूप, साध्या खानावळीतही रोज असतं. प्रसिद्ध 'काल्दू व्हेर्द' मात्र फसवं. बटाटा शिजवून घोटलेला, त्यात केसांइतकी बारीक चिरलेली हिरवी कोव्हची पानं, वरून ऑलिव्ह तेल. दिसायला निष्पाप, आणि तळाशी डुकराच्या सॉसेजची चकती. ती नको असेल तर आधी सांगावं लागतं.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज येऊन बसतं, त्याला 'कोव्हेर' म्हणतात. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं, हात लावला नाही तर लागत नाही. आल्फामात एका ठिकाणी मी चार ऑलिव्ह खाल्ले आणि ते मुख्य जेवणाच्या जवळपास जाऊन पडले. चूक माझीच, पण ते ऑलिव्ह अजून आठवतात.

गोड म्हणजे पश्तेल द नाता, अंडं-दुधाच्या कस्टर्डची टार्ट, पापुद्रे असे की पहिल्या घासाला कुर्त्यावर सांडतात. वर दालचिनी भुरभुरवा. बरोबर 'बीका' मागा, लिस्बनमध्ये एस्प्रेसोला हेच नाव. काउंटरला उभ्याने घ्यायची, दोन घोटांत संपवायची आणि निघायचं. एकट्या माणसाला याच्याइतकी सोयीची खाण्याची रीत नाही. टेबल अडवल्याचा संकोच नाही, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं नाही.

आणि काचेच्या कपाटात कोलंबीच्या करंज्यांशेजारी तिकोनी काही दिसलं तर ती 'शामूसा'. हो, समोसाच. भारतातून गेला आणि तिथल्या प्रत्येक टपरीत स्थिरावला. आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्या.

गोव्याचा काही माग लागतो का?

लागतो, पण पाटी लावलेला नाही. तो आपणच जोडायचा.

काझा दुश बीकुश हे टोकदार दगडांचं घर बांधलं ब्राश द आल्बुकेर्कने, १५२३ च्या सुमारास. त्याचा बाप आफोंसू द आल्बुकेर्क, ज्याने १५१० साली आदिलशाहीकडून गोवा घेतला. हापूस आंब्यातला आफोंसू तो हाच, असं मानतात. भूकंपात घराचे वरचे मजले पडले, ते विसाव्या शतकात पुन्हा चढवले. आता तिथे नोबेलविजेते कादंबरीकार झुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. त्यांच्या अस्थी समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली आहेत, झाड त्यांच्या गावाहून आणलेलं. गोवा जिंकणाऱ्याच्या मुलाचं घर आणि सत्तेशी आयुष्यभर भांडलेल्या लेखकाची राख, मध्ये फक्त फुटपाथ.

रुसिऊच्या उत्तरेला खांबांचं पांढरं नाट्यगृह आहे. त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्म सोडल्याच्या संशयावरून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. त्याची गोव्यातली शाखा १५६० साली सुरू झाली आणि १८१२ पर्यंत चालली. घरंदारं सोडून घाट चढून आलेल्या कुटुंबांच्या कुळकथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना तिथे कॉफी पिताना काहीतरी वाटेलच. मला वाटलं.

तिसरी जागा कार्मूचा छोटा चौक. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली, तेव्हा पंतप्रधान मार्सेलू काएतानू याच चौकातल्या बराकीत अडकले आणि तिथेच शरण आले. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण आधीच्या राजवटीने ते कधी मान्यच केलं नव्हतं. क्रांतीनंतर त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७४ ला पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर-हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. चौकात जॅकरांडाची झाडं आहेत आणि शेजारी कार्मूचं बिनछताचं चर्च. १७५५ साली पडलेलं छत पुन्हा घातलंच नाही. आत उभं राहून वर बघितलं की दगडी कमानींच्या फासळ्या आणि त्यांच्यामध्ये आकाश.

अलीकडचंही सांगते. आठ वर्षं पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनिऊ कोश्ता त्याआधी या शहराचे महापौर होते. त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं.

बेलेंला गेलो नाही तर वास्को द गामाची कबर राहील ना?

राहील. ती जेरॉनिमुश मठात आहे आणि मठ खरोखर देखणा आहे. पण बेलें बायशापासून सहा-सात किलोमीटर पश्चिमेला आहे. ते एकाच दिवसात कोंबलंत तर आल्फामा पळत बघावं लागेल. दुसरा दिवस असेल तर ट्राम १५ ने जा, सोमवार सोडून.

फादो ऐकायला एकटीने जावं का?

जावं. फादो म्हणजे लिस्बनचं हुरहुर लावणारं गाणं. दिवे मंद होतात, वाढपी जागच्या जागी थांबतात, काट्याचमच्यांचा आवाज बंद होतो आणि मग गाणारी उभी राहते. मध्येच बोललात तर शेजारचे डोळे वटारतात. आपल्याकडच्या मैफिलीसारखी "वा" म्हणायची सवय आवरा, टाळ्या शेवटी. २०११ साली युनेस्कोने फादोला वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून जेवणासकट महागडे कार्यक्रम वाढलेत. मोरारियात आणि आल्फामात छोट्या जागा आहेत, तिथे एक पेय घेऊन बसता येतं. एकट्या बाईला कोपऱ्यातलं टेबल देतात, आणि ऐकायला तेच बरं असतं.

नकाशा लागतो का?

बायशात लागत नाही, आल्फामात चालत नाही. फोनला ती गल्ली वरची की खालची हे कळत नाही, आणि निळा ठिपका कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. उतार धरला की नदी येते, चढ धरला की सज्जा किंवा चर्च येतं. एवढं पुरतं.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जूनमध्ये सूर्य रात्री नऊला मावळतो, दिवस संपता संपत नाही. डिसेंबरात सव्वापाचलाच अंधारतं. १२ जूनच्या रात्री संत आंतोनिऊचा उत्सव असतो, हा संत इथलाच, त्याचं जन्मस्थान 'से'च्या शेजारी. त्या रात्री आल्फामात गल्लोगल्ली शेगड्यांवर सार्डिन भाजतात आणि चालायला जागा उरत नाही. गणपती विसर्जनाची गर्दी आवडणाऱ्यांनी जरूर जावं.

विमानतळावरून शहरात कसं यायचं? बारा तासांचा थांबा असेल तर?

मेट्रोच्या लाल मार्गाने आलामेडापर्यंत, तिथे हिरवा मार्ग, आणि रुसिऊला उतरायचं. विमानतळ शहरातच आहे, त्यामुळे लांबलचक थांब्यात हा फेरफटका जमतो. मात्र बाहेर पडायला शेंगेन व्हिसा हवा, नुसतं पुढचं तिकीट चालत नाही.

पाणी, शौचालय?

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. शौचालयाला 'काझा द बान्यू' म्हणतात. बीका घ्या आणि त्यांचंच वापरा.

एकटीला कंटाळा येत नाही?

दुपारी तीनच्या आसपास येतो. पाय दुखतात, ऊन असतं, आणि समोरचं सुंदर दृश्य कुणाला दाखवावं कळत नाही. तेव्हा सज्ज्यावरच्या टपरीत बसावं आणि पत्र लिहावं. मी आईला लिहिते. पत्र बहुतेक माझ्यानंतर घरी पोचतं.

येताना काय आणावं?

मासे खात असाल तर सार्डिनचे डबे, वरची चित्रं इतकी छान की रिकामे डबेही टाकवत नाहीत. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर साँव व्हिसेंतच्या मागे 'फेइरा दा लाद्रा' हा जुना बाजार भरतो. तिथे पितळी कुलपांपासून सैनिकांच्या बिल्ल्यांपर्यंत सगळं मिळतं. शेजारीच सांता एंग्रासिया चर्चचा, म्हणजे आताच्या राष्ट्रीय स्मारकाचा, पांढरा घुमट आहे. त्याचं काम १६८२ साली सुरू झालं आणि १९६६ साली संपलं, त्यामुळे रेंगाळलेल्या कामाला तिथे अजून 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. आपल्या गावातल्या उड्डाणपुलाला हे नाव मी देऊन टाकलं आहे.

त्या बाजारात सुट्या जुन्या निळ्या टाइल्स दिसतील, मोह होईल. घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच कुठल्या ना कुठल्या घराच्या भिंतीवरून रातोरात उपटलेल्या असतात. आल्फामात फिरताना अशा भिंती दिसतात, मधूनच चार-पाच चौकोन उघडे पडलेले आणि आतला चुना दिसत असलेला. नवीन टाइल दुकानातून पावतीसकट घ्या आणि ती हातसामानात ठेवा. माझी चेक-इन बॅगेत फुटली.